चुलीचाही रोजमेळ हवा

धंद्यात मंदी आली की आम्ही व्यापारी सर्वप्रथम कोठे पाहतो? सुताच्या भावाकडे, ग्रे कापडाच्या मागणीकडे आणि दलालाच्या चेहऱ्याकडे. मागवाला पाहतो विजेच्या बिलाकडे. कारागीर पाहतो आठवड्याच्या पगाराकडे. पण जिथे हा सगळा पैसा शेवटी जातो, त्या चुलीकडे आमच्यापैकी कितीजण पाहतात? दुकानात रोजमेळ आहे, खातेवही आहे. स्वयंपाकघरात मात्र किराणावाल्याची लाल वही असते, आणि तीही त्याच्याच हातात!

आज या पानावर बाजारभावांऐवजी आम्ही हंडीचा विषय घेतला आहे. काही वाचक म्हणतील, हा तर बायकांच्या पानाचा विषय. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. कारागिराच्या घरातील सर्वांत मोठा खर्च खाण्याचा असतो. सर्वांत मोठा खर्च ज्या खात्यावर पडतो, ते खाते न पाहणाऱ्याला व्यापारी कसे म्हणावे?

एका वहीची गोष्ट

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या मालेगावातील माग थांबले. ज्या गावाला मागांच्या खडखडाटात झोप लागते, त्या गावाची त्या शांततेने झोप उडाली. आमचा माल बाहेरगावच्या पेढ्यांवर अडकला, वसुली बंद झाली. घरात आठ माणसे. गल्ल्यात होते तेवढ्यावर किती दिवस निघतील, याचा हिशेब करायला बसलो तेव्हा लक्षात आले की, घरात महिन्याला किती डाळ लागते हेच आम्हाला ठाऊक नाही. तीस वर्षे सुताचे वजन करणारे आम्ही, घरच्या पिठाचे वजन सांगू शकलो नाही.

आमच्या घरच्यांनी मुलीच्या शाळेची एक जुनी वही काढली. वही उर्दूत, म्हणजे उजवीकडून सुरू होणारी. त्यात रोजचा खर्च लिहायला सुरुवात झाली. पुढे गाव उघडले, माग सुरू झाले, तरी वही बंद केली नाही. सर्व काही सुरळीत झाल्यावरच्या पहिल्या पूर्ण महिन्याची बेरीज पाहून आम्ही गप्प झालो. बाहेरून येणारा नाश्ता, बेकरीची खारी, पाव, थंड पेयांच्या बाटल्या आणि पाहुणे आले म्हणून मागवलेले कबाब, या सर्वांची रक्कम महिन्याच्या डाळ, तांदूळ आणि तेलाइतकी निघाली! टाळेबंदीच्या काळात यातले काहीच आले नव्हते आणि कोणी उपाशीही राहिले नव्हते.

घरच्यांनी एकच वाक्य ऐकवले, “सुताची घट तुम्ही ग्रॅमवर मोजता, मग इथली घट कोण मोजणार?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

उलटा वटाव

कापड बाजारात रोख पैसे देणाऱ्याला वटाव मिळतो, हे आमच्यातील लहान पोरालाही माहीत आहे. जास्त माल उचलला तर भाव आणखी उतरतो. पण हाच माणूस संध्याकाळी घरी जाताना दहा रुपयांची डाळ, वीस रुपयांचे तेल आणि पाच रुपयांची चहापत्ती घेतो तेव्हा तो वटाव घेत नाही, वटाव देतो! गरीब माणूस महाग खातो, कारण तो थोडे थोडे खातो.

एक नमुन्याचा हिशेब मांडू. भाव रोज बदलतात, म्हणून प्रत्येकाने आपल्या बाजाराचे भाव घालून पाहावे. समजा तूरडाळ किलोला 140 रुपये आहे आणि दहा रुपयांच्या पुडीत 60 ग्रॅम डाळ येते. म्हणजे पुडीच्या डाळीचा भाव किलोला सुमारे 167 रुपये पडला. महिन्याला 5 किलो डाळ लागत असेल तर 135 रुपये जास्त गेले. समजा तेलाची एक लिटरची पिशवी 150 रुपयांना आहे आणि सुटे 100 मिलिलिटर 18 रुपयांना मिळते. 4 लिटरमागे 120 रुपये गेले. मसाला, चहा, साखर आणि साबण यांचे असेच 150 धरा. महिन्याला 405 आणि वर्षाला 4860 रुपये झाले. या पैशाचा एक दाणाही घरात आला नाही.

उधारीवर घेणाऱ्याचे याहून वाईट. त्याला भाव विचारण्याचा हक्कच राहत नाही. किराणावाला जी डाळ देईल ती घ्यावी लागते. व्याजाचा शब्द कोणी काढत नाही, पण उधारीवाल्याचा भाव आणि रोखीवाल्याचा भाव यांतील फरक तोच आहे. किराण्याची बाकी वाढली की कारागीर मागवाल्याकडून उचल घेतो. उचल घेतली की दुसरीकडे मजुरी जास्त मिळत असली तरी त्याला जाता येत नाही. पाव किलो डाळीची उधारी अशी माणसाचे हात बांधते. म्हणून आम्ही म्हणतो, हा विषय फक्त चवीचा नाही.

सुरुवात कशी करावी?

आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगारांचा पगार आठवड्याचा असतो. पगार हातात आला की बाकीचे खर्च नंतर, आधी आठवड्याचा कोरडा सौदा रोखीने आणावा: डाळी, पीठ, तेल, मीठ, मसाला, चहा आणि साखर. पहिल्या आठवड्यात हे जड जाते, कारण जुनी उधारीही फेडायची असते. त्यासाठी एकदम सर्व वस्तूंच्या मागे लागू नये. पहिल्या आठवड्यात फक्त तेलाची पूर्ण पिशवी घ्यावी, दुसऱ्या आठवड्यात तेल आणि डाळ. जे वाचेल ते पुढच्या वस्तूत घालावे. इन्शाअल्लाह दोन-अडीच महिन्यांत आठवड्याचा संपूर्ण सौदा रोखीवर येतो. दोन-तीन शेजारी घरे मिळून मोठ्या बाजारातून डाळीचे किंवा तांदळाचे पोते आणून वाटून घेतात तेव्हा आणखी फायदा होतो.

मोसमाकडे लक्ष ठेवावे. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये. वर्षाची मिरची आणि मसाला उन्हाळ्यातच करावा, हे आपल्या आया सांगत आल्या. कांद्याच्या बाबतीत तर आम्ही नाशिक जिल्हावासी नशीबवान. उन्हाळ कांदा टिकतो, पावसाळी कांदा टिकत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये एखादी गोणी आणून हवेशीर जागी पसरून ठेवावी.

रेशनचाही विचार करावा. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो धान्य आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झाले आणि 2024 पासून आणखी पाच वर्षांसाठी ही सवलत चालू ठेवण्यात आली. तरीही आमच्या मोहल्ल्यात रेशनचा तांदूळ कमी भावात विकून दुकानातील महाग तांदूळ आणणारी घरे आहेत. कारण विचारले तर म्हणतात, हा तांदूळ जाड आहे, मोकळा होत नाही. बिर्याणीला तो चालणार नाही हे खरे. पण खिचडीला, डाळ-भाताला आणि पीठ करून भाकरीला तो उत्तम आहे. प्रत्येक धाग्याचे कापड वेगळे असते, तसेच प्रत्येक तांदळाचे पक्वान्न वेगळे.

थोडे गोश्त, भरपूर चव

आता मुख्य अडचण. आपल्या घरांत अशी समजूत आहे की, दस्तरखानवर गोश्त नसेल तर जेवण नव्हे. बोकडाचे मटण तर कारागिराच्या आवाक्याबाहेर गेले आहे. 2015 च्या कायदादुरुस्तीने राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशीचे गोश्त मिळते, पण तेही पूर्वीइतके स्वस्त राहिले नाही. मग काय करावे? आपल्या आजी-नानींनी जे केले तेच करावे. त्यांच्या हंडीत गोश्त चवीपुरते असे आणि पोट डाळीने भरत असे. काही पदार्थ मापासह देतो.

दालचा : आठ माणसांसाठी पाव किलो हाडांसहित गोश्त, पाव किलो चणाडाळ, मूठभर तूरडाळ, अर्धा किलो दुधी, दोन कांदे, आले-लसूण आणि लिंबाएवढी चिंच. चणाडाळ तासभर भिजवावी. हाडांचे गोश्त हळद-मिठात कुकरला मंद आचेवर पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावे. डाळ वेगळी शिजवून घोटावी. कांदा तीन चमचे तेलात लाल करून आले-लसूण, मिरची, धणे परतावे, दुधीच्या फोडी टाकाव्यात, मग गोश्त, त्याचे पाणी आणि डाळ. शेवटी चिंचेचा कोळ आणि कढीपत्ता. जेवढे गोश्त एकट्याच्या कोरम्यात जाते तेवढ्यात घर जेवते. हाडाचे पाणी फेकणे म्हणजे चव फेकणे, हे ध्यानात ठेवावे.

खिचडा : याची आठवण आपल्याला फक्त मुहर्रममध्ये होते. अर्धा किलो सडलेले गहू, चणा, मसूर, मूग आणि उडीद या डाळी मिळून 200 ग्रॅम, आणि गोश्त पाव किलोच. गहू रात्री भिजवावेत. सर्व वेगवेगळे शिजवून एकत्र घोटावे आणि वर तळलेला कांदा, पुदिना, लिंबू. दहा माणसे आरामात जेवतात. पुरेसे गोश्त नसेल तर फक्त हाडांच्या रश्शात केलेला खिचडाही वाईट लागत नाही.

अंड्याचे सालन : पाच अंडी उकडली तर सहाव्याच्या ताटात काय वाढणार, हा प्रश्न येतो. म्हणून अंडी फोडून त्यात दोन चमचे बेसन, बारीक कांदा आणि कोथिंबीर घालून फेटावे, जाड पोळी भाजून तिचे चौदा-सोळा तुकडे करावेत. कांदा, भाजलेले शेंगदाणे आणि लसूण वाटून रस्सा करावा आणि उकळी आल्यावर तुकडे सोडावेत. सहा-सात जणांना प्रत्येकी दोन तुकडे येतात आणि कोणाच्या ताटाकडे कोणी पाहत नाही.

अख्खा मसूर : सहा माणसांना 300 ग्रॅम. भरपूर कांदा-लसूण, एक टोमॅटो, सुकी मिरची. मसूर लवकर शिजते, त्यामुळे गॅसही वाचतो. कोरड्या मसुरीत 100 ग्रॅममागे साधारण 24 ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम. डाळीबरोबर भात किंवा भाकरी खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वर लिंबू पिळले तर डाळीतील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. आमच्या गावाला ही चहाची खोड फार आहे.

शेजाऱ्यांच्या चुलीकडूनही शिकावे. खानदेश-बागलाणच्या मराठी घरांत काळ्या मसाल्याच्या रश्शात जाड शेव टाकून शेवभाजी करतात. भाजीचे भाव कडाडले असताना यापेक्षा सोयीची गोष्ट नाही. पिठले, शेंगदाण्याचा ठेचा, बाजरीची भाकरी आणि सोबत कांदा. आमच्या लहानपणी याला गरिबाचे जेवण म्हणत. आता मोठमोठ्या हॉटेलांत हीच थाळी भरपूर पैसे मोजून खातात, आणि आम्ही मात्र घरात केली की नाक मुरडतो.

चव कमी पडण्याची भीती वाटते त्यांना एक गोष्ट सांगतो. चव महाग वस्तूत नसते, ती कांदा किती सबुरीने लाल केला यात असते. खडे धणे-जिरे घरी भाजून कुटले तर मसाल्याच्या तयार पुडीची गरज राहत नाही आणि थोडक्यात काम होते.

आग आणि सूत

इंधनाचा खर्चही हंडीच्या खात्यावरच पडतो. डाळी, चणे, राजमा भिजवल्याशिवाय चुलीवर ठेवू नयेत. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. शिट्ट्या मोजून डाळ शिजत नाही, आतल्या वाफेने शिजते. मोठ्या आचेवर फक्त गॅस जळतो. भांड्यावर झाकण ठेवावे. सर्वांनी एकत्र जेवावे. चार वेळा सालन गरम करण्यात जो गॅस जातो त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आणखी एक युक्ती आमच्या धंद्यातली. एका लाकडी पेटीत वाया गेलेले सूत दाबून भरले आणि मध्ये भांड्याएवढी जागा ठेवली. तांदूळ किंवा भिजवलेली मूगडाळ झाकण लावून दहा मिनिटे चांगली उकळायची, भांडे चुलीवरून उतरवून पेटीत ठेवायचे आणि वरून जुनी गोधडी. तासाभरात आतल्या उष्णतेनेच शिजून तयार. दोन गोष्टी सांभाळाव्यात. सूत लवकर पेटते, म्हणून पेटी चुलीपासून लांब असावी. आणि गोश्त या पद्धतीने शिजवू नये, कोमट राहिले तर ते बिघडते.

घट कुठे होते?

खाण्यापिण्यात इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, कुरआनने मना केली आहे. हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि लग्नाच्या दावतीत विसरतो. पण उधळपट्टी फक्त दावतीत होते असे नाही. सकाळच्या उरलेल्या रोट्या रोज बकरीला जातात, ती उधळपट्टीच. शिळ्या रोटीचा कुस्करून कांदा-मोहरीच्या फोडणीत नाश्ता होतो, किंवा गूळ आणि चमचाभर तूप घालून मलीदा होतो. उरलेल्या डाळीत पीठ मळले तर पराठे होतात. मुळ्याचा आणि बीटाचा पाला, फ्लॉवरचे देठ यांची भाजी होते.

पुरुषांच्या खात्यातील घटही मोजावी. रात्रपाळीत हॉटेलचे पाच-सहा चहा, आणि राज्यात 2012 पासून बंदी असूनही चोरून मिळणारा गुटखा. याची महिन्याची बेरीज करून ती दुधाच्या बिलाशेजारी लिहावी. जास्त काही बोलण्याची गरज पडणार नाही. भिवंडीत एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी भिस्सी, म्हणजे खानावळ, असते आणि तेथे ठरलेल्या पैशांत दोन वेळचे जेवण मिळते. ज्याचे घर गावातच आहे, त्याने हॉटेलात का जेवावे?

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. बचत म्हणजे बाईचे पोट मारणे नव्हे. आपल्या कित्येक घरांत आधी पुरुष जेवतात, मग मुले, आणि हंडीच्या तळाशी उरेल ते आई खाते. मंदीत हा तळ आणखी वर येतो. ज्या घरात असा हिशेब जुळतो, तो हिशेब खोटा आहे. दालचा करताना आठ माणसे मोजली असतील तर त्यात शिजवणारीही मोजलेली असावी.

सालन शिजवताना पाणी जरा वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना दिली. सहीह मुस्लिममध्ये ती नोंदलेली आहे. आम्ही जेव्हा जेव्हा ती आठवतो तेव्हा वाटते की, काटकसर आणि सखावत या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. पाणी वाढवल्याने सालन पातळ झाले असेल, पण वाटी एक वाढली. बरकत यालाच म्हणत असावेत.

आमच्या वहीतील एक नोंद

शेवटी आमच्याच बाजूची गोष्ट, कारण सगळा उपदेश कारागिराला करून व्यापाऱ्याने मोकळे होणे बरोबर नाही.

आम्हाला ग्रे माल देणारा एक विणकर होता. चार माग, आणि ते घरचीच माणसे चालवीत. टाळेबंदीनंतरच्या वर्षी एका दिवशी कळले की त्याने एक माग भंगारात दिला. लोखंडाच्या भावाने, किलोवर. विचारले तर म्हणाला, “किराण्याची बाकी फार झाली होती, सेठ. त्याने माल देणे बंद केले.” रक्कम विचारली, त्याने सांगितली. घरी येऊन आम्ही खातेवही उघडली. त्याचे आमच्याकडे थकलेले पैसे त्या रकमेपेक्षा थोडे जास्तच होते. साठ दिवस होऊन गेले होते. आम्हालाही पुढून आले नव्हते, हे खरे. पण आमच्या घरी त्या साठ दिवसांत हंडी एकदाही थंड राहिली नव्हती, हेही खरे.

दुसऱ्या दिवशी पैसे पोचवले. गेलेला माग काही परत आला नाही.

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यात अशा नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असे लिहिले आहे. कारागीर बांधवांनी आपल्या मागांची उद्यम नोंदणी करून घ्यावी. पण खरे सांगायचे तर आम्हा व्यापाऱ्यांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आमच्या धनादेशाची प्रत्येक वाढीव मुदत कोणाच्या तरी चुलीवर भरली जाते, एवढे समजले तरी पुरे.

ती उर्दू वही आमच्या घरी अजून चालू आहे. त्या दिवसापासून आम्ही तिच्या शेवटच्या पानावर विणकरांच्या देण्याच्या तारखा लिहू लागलो. घरचा सौदा आणि विणकराचे देणे आता एकाच वहीत असते. आठवड्याच्या बेरजेला बसलो की दोन्ही पाने एकदम उघडतो, आणि दुसरे पान कोरे झाल्याशिवाय कबाब मागवत नाही.